गोणीचा खटला

आलासा काय वैनी संकेश्वरास्नं? लई गंमत हुकली बगा तुमची. इकडं या की जरा कुंपणाजवळ.

काल शेंगा भरायला नातीला गोणी आण म्हटलं, तर म्हणते, "आज्जी, गोणी नाही, गनी बॅग म्हणायचं!" आमचे मास्तर रिटायर झाल्यापास्नं कोण कुठं चुकतंय याची वाटच बघत असतात. म्हणाले, गनी हा शब्दच गोणीवरनं गेलाय. मी विचारलं, म्हंजे आपल्या मराठीतला? तर गच्चीवरनं तुमचे पाटील ओरडले, "कन्नडातला! गोणी चील म्हणतो की आम्ही!" घ्या. सीमेचा एक खटला २००४ पास्नं सुप्रीम कोर्टात पडलाय, त्यात आणि ही गोणी! शेवटी मास्तरांनी पाणिनीला साक्षीला काढलं. त्याच्या सूत्रातबी गोणी आहे म्हणे. दोन्ही पक्ष गप्प.

मग गुळाची जॅगरी निघाली. संस्कृतातली शर्करा, मल्याळीत चक्कर झाली, पोर्तुगीजांनी तिची जागरा केली आणि तिथनं इंग्रजांची जॅगरी. तीच शर्करा इराणी-अरबांच्या तोंडातनं इटली-फ्रान्सला फिरून गेली, ती शुगर. म्हंजे सख्ख्या बहिणीच की दोघी, सासर तेवढं एकच मिळालं! आपण जन्मभर ऊस घालतोय कारखान्याला, पण हे कुणी सांगितलं होतं का?

आणि मुंगूस! ते तर आपलंच. शिवाजीमहाराजांच्या राज्याभिषेकाच्या काळात फ्रायर नावाचा कंपनीचा डॉक्टर इकडं हिंडत होता, जुन्नरलाबी जाऊन आला. त्याचं पुस्तक १६९८ साली लंडनला छापलं, त्यात मंगूस आहे. गूस म्हंजे हंस, त्याचं अनेकवचन गीस, म्हणून नात मंगीस म्हणायला लागली. मास्तर कसले खूष! हंसाचा काय संबंध, मंगूसेस म्हण, म्हणाले. पोरगी फुगली.

असल्या शब्दांचा एक जाडजूड कोशच आहे, यूल आणि बर्नेल या दोघांनी केलेला, १८८६चा. नाव काय, तर हॉब्सन-जॉब्सन! मोहरमात पंजे निघतात तेव्हा "या हसन, या हुसेन" ओरडतात ना, ते गोऱ्या सोल्जरांच्या कानाला तसं ऐकू आलं. कान बगा कसले.

पण टँकचं ऐकून मी चाटच पडले. मराठीतलं टाकं, गुजरातीतलंबी तसंच; पोर्तुगीजबी त्यात आपला हक्क सांगतात, सांगू देत. तळ्याला, टाक्याला इंग्रज टँक म्हणायला लागले. पुढं पहिल्या महायुद्धात लिंकन गावच्या कारखान्यात लोखंडी रणगाडे करायला घेतले. गुपित फुटू नये म्हणून, पाण्याच्या टाक्या करतोय, असं सांगितलं. १५ सप्टेंबर १९१६ला सोमच्या लढाईत ते पहिल्यांदा उतरले, आणि खोटं नावच त्यांना कायमचं चिकटलं. पाण्याचं भांडं उसनं नेलं आणि तोफ बसवून परत केलं की हो!

तुमचे पाटील मात्र हटायला तयार नाहीत. म्हणतात, "आमच्या केरेला, म्हंजे तळ्याला, इंग्रजांनी सरकारी कागदावर टँकच लिहिलंय, तवा तो कन्नडकडंच धरा." मास्तर आता पेटीतनं आणखी जुनी पुस्तकं काढायला बसलेत. जेवायलाबी उठंनात.