सहा व्होल्टचा संसार

चंद्रपूर शहरात कुठेही उभे राहा, ऊर्जानगरच्या चिमण्या मान वर काढून पाहत असतात. महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट. मुंबईतली लिफ्ट वर जाते आणि पुण्यातला मिक्सर फिरतो, त्यात थोडा वाटा इथल्या कोळशाचा असतो. राख तेवढी चंद्रपूरकरांच्या दोरीवरच्या कपड्यांना. अशा शहरातून आम्ही भाऊजींच्या बुलेटवर आलापल्लीला निघालो आणि वाटभर आम्हाला घोर होता तो फक्त सहा व्होल्टचा.

बुलेट आणीबाणीच्या आधीची. भाऊजींचे वडील वनखात्यात रेंजर होते, त्यांची. वारशात भावाला शेत मिळाले, भाऊजींना गाडी. शेतात निदान दोन वर्षांतून एकदा तरी धान चांगले होते.

या गाडीच्या पोटात वीज तयार होते ती अशी. इंजिनाच्या डाव्या अंगाला, प्रायमरी चेनच्या कव्हरात, क्रँकच्या टोकावर चुंबकाचा रोटर फिरतो. त्याच्याभोवती तारेच्या वेटोळ्यांचा स्टेटर. तिथून निघतो एसी करंट, रेक्टिफायर त्याचा डीसी करतो आणि तो बॅटरीत जातो. याला शास्त्रात अल्टरनेटर म्हणत असले तरी मिस्त्रीमंडळी डायनमोच म्हणतात. खरा डायनमो जुन्या जावा-येझदीला: कार्बन ब्रश, कम्युटेटर, कटआउट, सगळे साग्रसंगीत. जावावाल्यांपाशी मात्र हा विषय काढू नये. ते खिशातून झिजलेला ब्रश काढून दाखवतात आणि मग तास दोन तास तुमचे नसतात.

भाऊजी बँकेतून कॅशियर म्हणून निवृत्त झाले आहेत, त्यामुळे गाडीच्या विजेचा हिशेब त्यांना तोंडपाठ. इंजिन दमात असेल तर जमा साठेक वॅट. खर्चाची बाजू: हेडलाइट तीस, इग्निशन कॉईल वीसेक, टेललाइट पाच. शिल्लक पाच. एवढ्या तुटपुंज्या पगारात संसार करायचा म्हणजे चैनीला कात्री आलीच. ब्रेकचा दिवा अठरा वॅटचा, म्हणून रात्री पायाचा ब्रेक दाबायचा नाही. पुढच्या ब्रेकला दिवा जोडलेला नाही, तो हवा तेवढा दाबा. हॉर्न ही तर निव्वळ उधळपट्टी. समोर गाय आली की मागे बसलेल्या मी "हटऽऽ" म्हणून ओरडायचे. मूल गाव येईपर्यंत माझा आवाज बसला आणि भाऊजींची बॅटरी टिकली.

स्पीडोमीटरच्या शेजारी एक वाटोळे मीटर असते, ॲम्पियरचे. काटा उजवीकडे गेला तर जमा, डावीकडे गेला तर खर्च. भाऊजींची नजर रस्त्यावर कमी आणि या काट्यावर जास्त. चिचपल्लीच्या आसपास जंगल दाट होऊ लागले तेव्हा काटा कधी डावीकडे, कधी उजवीकडे थरथरू लागला. गाडीने दोन आचके दिले आणि ती बंद पडली. भाऊजी म्हणाले, "काटा असा नाचत नसतो कधी." मी म्हटले, "भाऊजी, आजूबाजूचं जंगल बघितलंत का?"

ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, पण उद्यानाची हद्द कुठे संपते हे वाघांना कोणी कळवलेले नाही. चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या आवारातसुद्धा ते फिरून जातात. मूल रस्ता तर त्यांच्या येण्याजाण्यातलाच. एक मोटारसायकलवाला आमच्याजवळ वेग कमी करून म्हणाला, "इथं नका थांबू जी. काल संध्याकाळीच रस्ता ओलांडला त्यानं." 'त्यानं' म्हणजे कोणी, हे विचारायचे नसते.

अशा ठिकाणी माणसाने पटकन किक मारावी आणि सुटावे. पण जुन्या बुलेटला पटकन हा प्रकार माहीत नाही. तिला सुरू करायचा एक विधी आहे. आधी चावी फिरवायची. पॉइंट मिटलेले असतील तर कॉईलमधून करंट वाहतो आणि काटा डावीकडे झुकतो. मग किक पायाने हळूहळू खाली दाबत न्यायची. पॉइंट उघडले की काटा चट्कन मध्यावर येतो. पिस्टन वर येऊन ठेपल्याची ती खूण. तिथे डीकॉम्प्रेसर ओढायचा, किक आणखी थोडी खाली न्यायची, डीकॉम्प्रेसर सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग अंगातला सगळा जोर लावून एकच सणसणीत लाथ. यात घाई केली तर किक उलटते आणि पायाची नडगी कायमची आठवण ठेवते. भाऊजींनी हा विधी रीतसर केला. मध्येच थांबून चष्मा पुसला. मी झुडपांत काही हलते का ते बघत होतो. हेडलाइटच्या दोन्ही बाजूंना जे दोन छोटे दिवे असतात त्यांना बुलेटवाले 'टायगर लॅम्प' म्हणतात. ते लावू का, असे भाऊजींनी विचारले. मी हात जोडले.

गाडी सुरू झाली. सावली गाव गेले, वैनगंगेचा पूल गेला. पुलापलीकडे गडचिरोली जिल्हा. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हाही चंद्रपूरच होता. मग वेगळा झाला आणि तीन चतुर्थांश जंगल त्याच्या वाट्याला आले. गडचिरोलीत चहा प्यालो. चामोर्शीच्या पुढे अंधार पडला.

अंधारात रोग नीट दिसू लागला. ॲक्सिलरेटर पिळला की हेडलाइट लख्ख पेटे, सोडला की नुसता तांबूस निखारा. चढावर आम्हाला रस्ता दिसे, उतारावर नाही. आणि असेच एकदा पिळलेले असताना टेललाइटचा दिवा भक्कन पेटून गेला. जास्तीची वीज पोटात घ्यायला बॅटरी नीट जोडलेली नसली की असे होते, हे पुढे कळले. तेव्हा भाऊजी एवढेच म्हणाले, "चला, पाच वॅट वाचले."

शेवटी एका गावाशी गाडी पुन्हा थंड झाली, तेव्हा काटा मध्यावर मेल्यागत पडला होता. पण आमचे नशीब जोरावर होते. गावात मंडई, म्हणजे जत्रा, होती आणि मंडईला नाटक. दिवाळीनंतर झाडीपट्टीत, म्हणजे या जंगलपट्ट्यात, नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे कंपन्यांचे माहेर. तिथून निघालेल्या मंडळ्या गावोगाव रात्रभर नाटक करतात आणि लोक घोंगड्या पांघरून पहाटेपर्यंत बघतात. मंडपाबाहेर पाहुण्यांचे ट्रॅक्टर उभे होते.

"बॅटरी उतरली का जी? त्यात काय, ट्रॅक्टरची लावून देऊ ना," एक काका वायरी घेऊन पुढे आलेच. भाऊजी आडवे पडायचे बाकी होते. ट्रॅक्टरची बॅटरी बारा व्होल्टची, आमची सहाची. सरळ जोडली असती तर राहिलेले दिवेही टेललाइटच्या मागोमाग गेले असते.

मार्ग काढला तो नाटकवाल्यांच्या लाइटवाल्या पोराने. वय असेल विशीचे. त्याने ट्रॅक्टरच्या इंडिकेटरचा एकवीस वॅटचा दिवा काढला, आमची बॅटरी उतरवून घेतली आणि ट्रॅक्टरच्या प्लसपासून आमच्या प्लसपर्यंतच्या वायरीत तो दिवा मधोमध अडकवला. मायनसला मायनस. दिवा मंद पिवळा पेटला. "अर्धे व्होल्ट हा खाईल, अर्धे तुमची खाईल. सव्वा ॲम्पियर जाते, हळू हळू. भोर होईपर्यंत चालून जाईल तुमचं काम." बारा ॲम्पियर-तासाच्या बॅटरीला तिच्या दहाव्या हिश्शाने चार्ज द्यावा, हा नियम बॅटरीवाल्यांच्या दुकानात भिंतीवर लिहिलेला असतो, या पोराने तो इंडिकेटरच्या दिव्यातून काढला होता. भाऊजींनी तिथेच त्याला आपला मोबाइल नंबर दिला. त्याने मागितला नव्हता.

बॅटरीविना गाडी नुसती उभी होती, ती मॅनेजरच्या नजरेत भरली. दुसऱ्या अंकात खलनायक पाटलाची एंट्री होती. "तुमची बुलेट भेटली तर पब्लिक पागल होऊन जाईल जी." सुरू होत नाही, म्हटले. "सुरू कोण करायला सांगते?" मग पाटील बुलेटवर मिशीला पीळ देत बसला, पडद्याआडून चौघांनी ढकलले आणि वाद्यवृंदातल्या ऑक्टोपॅडवाल्याने धुकधुक-धुकधुक असा आवाज काढला, अगदी रिकाम्या गिअरमध्ये बुलेट काढते तसा. मंडप शिट्ट्यांनी दणाणला. भाऊजी माझ्या कानाशी म्हणाले, "टायमिंग थोडं ॲडव्हान्स आहे." ते ऑक्टोपॅडबद्दल होते.

पहाटे बॅटरी जोडली, गाडी दुसऱ्या किकेला उठली. आष्टीच्या पुढे सूरजागडचे लोहखनिज वाहणारे ट्रक एकामागून एक. रस्त्यावरचे खड्डे टायर चुकवतील, पण लाल धूळ कोण चुकवणार? आलापल्लीत पोहोचलो तेव्हा आम्ही दोघे आणि गाडी एकाच रंगाचे होतो. काटा पुन्हा नाचू लागला होता.

आलापल्लीचा मिस्त्री साठीचा. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, मग वायरीचे दोन शेपूट असलेला साधा दिवा आणला. बॅटरीच्या प्लसला एक टोक, मायनसला दुसरे: दिवा लख्ख. प्लसचे टोक तिथेच ठेवून दुसरे चेसिसला लावले: दिवा पेटता पेटता राहिला. त्याने दहाचा पाना घेऊन बॅटरीची अर्थिंगची पट्टी खोलली. पट्टी आणि चेसिस यांच्या मध्ये काळाभोर, गुळगुळीत, आरशासारखा चकचकीत पेंट.

"काऊन जी, हा पेंट कोण मारला?"

भाऊजींनी प्रवासाआधीच गाडी पूर्ण रंगवून घेतली होती. तीन हात. चेसिससुद्धा.

"करंट पेंटातून कसा जाईन बाप्पा? डायनमो बिचारा बनवून राहिला, जाऊन कुठी राहिला?" त्याने पॉलिश पेपर घेऊन रुपयाच्या नाण्याएवढी जागा घासली. खालचे लोखंड उजळले. पट्टी बसवली, वर बोटाने व्हॅसलीन लावले, गंज चढू नये म्हणून. किक. ॲक्सिलरेटर किंचित दिला आणि काटा उजवीकडे झुकून तिथेच ठाम राहिला. हेडलाइट लावला, तरी काटा मध्याच्या उजवीकडेच. भाऊजींनी आनंदाने हॉर्न वाजवला. प्रवासातला पहिला.

आता इथून जवळच 'वनवैभव' आहे, जुन्या सागवानांचे जंगल, राज्यातले पहिले जैवविविधता वारसास्थळ, रेंजरसाहेबांच्या बोलण्यात नेहमी येणारे. ते बघायला निघावे म्हणून मी मागे बसलो. भाऊजी वाकून त्या घासलेल्या जागेकडे बघत होते. चेहरा उतरला होता.

"मिस्त्री, इथं काळा पेंट कुठं मिळेल हो? छोटा डबा. एवढंसं टच-अप करून घेतो."

मिस्त्रीने दहाचा पाना खिशात घातला. "पेंटचं दुकान बंद आहे जी आज," तो म्हणाला. दुकान समोरच होते, आणि मालक बाहेर स्टुलावर बसून आमच्याकडेच बघत होता.