मान आखडली म्हणे!

अहो, ऐकलंत का? दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचा धाकटा आला बरं का घरी. काल रिक्षातून उतरताना पाहिला मी. अर्धा झालाय हो पोरगा... जरा अशा भिंतीला लागून उभ्या राहा, त्यांच्या खिडकीत सगळं ऐकू जातं.

तुम्ही लेकीकडे होतात, तुम्हाला अर्धवटच कळलं असणार. अहो, सकाळी नुसती कणकण होती, दुपारपर्यंत सणसणून ताप. डोकं फुटतंय म्हणून रडतोय, इतका मोठा घोडा! आणि भडाभडा उलट्या. सासूबाई म्हणाल्या, पित्त आहे, आमसुलाचं सार द्या. तेही बाहेर. मामा आलेले होते, ते म्हणे रात्रभर मोबाइल बघतो, मान आखडली, बाम चोळा. दिवा लावला की ओरडायचा, उजेडच सोसेना, तर वहिनी म्हणाल्या मायग्रेन, आमच्या माहेरी सगळ्यांना आहे. घरात माणसं तीन आणि निदानंही तीन!

आणि ओळखलं कोणी? पोळ्यावाल्या मावशींनी! दारातूनच म्हणाल्या, "दादा, हनुवटी छातीला लाव बघू." लागेचना. मान उशीवर अवघडली की बाजूला वळताना दुखते, पण ही पुढेच वाकेना. वर आज वार कोणता विचारलं, तर हा कुठल्यातरी शाळेतल्या बाईंचं नाव सांगतोय. मावशी म्हणाल्या, "वहिनी, गॅस बंद करा, गाडी काढा." मामांच्या हातात बामची बाटली तशीच! चेहरा बघायला हवा होता तुम्ही.

त्यांना कसं कळलं म्हणता? अहो, त्यांच्या भाच्याला मेनिंजायटिस झालेला ना. त्याचा टीबीचा होता. तो असा एका दिवसात अंगावर येत नाही, आठवडेच्या आठवडे रेंगाळतो. बारीक ताप, चिडचिड, जेवण नको, डोकं दुखतंय... सगळे म्हणाले दहावीचं टेन्शन. मग वर्षभर गोळ्या. बाळाच्या दंडावर बीसीजी टोचतात ती याचसाठी तर, पण पोरं मोठी झाली की तिचा जोर तेवढा राहत नाही.

तर काय सांगत होते... हं, हॉस्पिटल. डॉक्टर म्हणाले मेंदूच्या आवरणाला सूज दिसतेय, मणक्यातून पाणी काढून बघू. झालं! मामा उभेच राहिले. मणक्यात सुई गेली की माणूस जन्माचा लुळा होतो, मी सही करू देणार नाही. डॉक्टरीणबाई चांगल्या ठाम होत्या हो. म्हणाल्या, "काका, मज्जारज्जू वर कमरेशी संपतो, आम्ही त्याच्या खाली टोचतो. आणि अँटिबायोटिक मी सुरू केलंय, रिपोर्टसाठी थांबलेली नाहीये." मामा खाली बसले. आणि पाणी आलं ते गढूळ. नितळ असायला हवं ना ते!

आता खरी गंमत पुढे. म्हणजे गंमत कसली, पण... डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कान वाहतोय का याचा? सासूबाईंचा चेहरा असा उतरला! महिनाभर वाहत होता आणि त्या लसूण घालून कोमट तेल सोडत होत्या कानात. न्यूमोकॉकस जंतू निघाला. कानातून, सायनसमधून आत शिरतो मेला. तेलाने झालं असं नाही कोणी म्हणालं, पण तो कान कोणी डॉक्टरला दाखवलाच नाही ना वेळेत. सून एक अक्षर बोलली नाही. नुसतं बघितलं. मला तर बोलली असती तर बरं, असं वाटलं.

आणि आपल्या सोसायटीचं तर विचारूच नका. कोपऱ्यावरच्या काकूंनी नातवंडांना जिन्यातसुद्धा सोडलं नाही. सगळ्यांनी गोळ्या घ्यायच्या का म्हणून फोनवर फोन. अहो, तो मेनिंगोकॉकस असला तर घरच्यांना आणि अगदी जवळच्यांना गोळी देतात, याच्यात नाही लागत. त्या प्रकारात अंगावर लालजांभळे डाग येतात, वर काचेचा ग्लास दाबला तरी जात नाहीत. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर तळहात, तळपाय, पापणीच्या आत बघायचं. बरं, व्हायरसचाही असतो, तो बहुतेकदा आपोआप बरा होतो, पण कुठला कुठला ते घरबसल्या कसं ठरवणार? आणि तान्ह्या बाळाची तर मान आखडतही नाही कधीकधी. दूध ओढत नाही, टाळू फुगून वर येते, किंचाळल्यासारखं रडतं, नाहीतर मलूल पडून राहतं. तिसऱ्या मजल्यावरच्या बाळंतिणीला मी मुद्दाम सांगून आले.

तळमजल्यावरचे प्रोफेसर मात्र याच्यातही छाती फुगवून. म्हणे, आफ्रिकेत मेनिंगोकॉकसच्या साथीच्या साथी यायच्या आणि लस केली कोणी? आपल्या पुण्याच्या सीरमने! २०१० साली बुर्किना फासोत सुरुवात झाली, एक डोस अर्ध्या डॉलरच्या आत, आणि तो ए जातीचा जंतू तिकडून जवळपास नाहीसाच झाला. मग २०२४ मध्ये नायजेरियात पाच जातींवरची आली, तीही सीरमचीच. खरं आहे ते, पण सासूबाई समोर डोळे पुसत बसलेल्या असताना ही वेळ होती का हो?

पोरगा बरा आहे. डाव्या कानाने कमी ऐकू येतंय, पुन्हा टेस्ट आहे. हा आजार जाता जाता कान नेतो पुष्कळांचा. मामा मात्र आता येईल त्याला सांगतात, "मला पहिल्यापासून शंका होती." मावशी आतून पोळ्या लाटत ऐकतात आणि हसतात.

हो, आणि तुमची नात ऑगस्टमध्ये अमेरिकेला निघालीय ना? तिकडे कितीतरी कॉलेजं हॉस्टेलवाल्यांना मेनिंगोकॉकलच्या लसीचा कागद मागतात. समोरच्यांच्या मुलीच्या फॉर्मात तो रकाना रिकामा राहिला आणि शेवटच्या आठवड्यात नुसती धावाधाव. तुमचा भरलाय ना?