खासगीपणा, दरमहा

खासगीपणाला मोल नसते म्हणणाऱ्यांची तोंडे मेटा कंपनीने नोव्हेंबर 2023 मध्ये कायमची बंद केली. मोल असते आणि ते छापील असते: तेव्हा वेबवर दरमहा 9.99 युरो, फोनवर 12.99. फोनवरची अब्रू तीन युरोंनी महाग होती, कारण तीत ॲपल आणि गूगल यांची दलालीही धरावी लागत होती. फेसबुक, इन्स्टाग्राम वापरणाऱ्या युरोपीय जनतेपुढे दोन दारे ठेवली गेली. पैसे भरा आणि जाहिरातींविना नांदा. नाहीतर आमची नजर अंगावर घेत फुकट नांदा. दुसऱ्या दारावर ‘संमती’ अशी पाटी होती.

इतकी उदार योजना एकाच कंपनीपुरती का राहावी? समोरच्या इमारतीतल्या काकूंनीही आता दरपत्रक लावावे. खिडकीतून न डोकावण्याचे अमुक, बाल्कनीसह तमुक, वार्षिक भरल्यास पाहुणे कोण आले तेही विचारणार नाहीत. ज्यांना परवडत नाही त्यांनी पडदे उघडे ठेवून संमती द्यावी. सक्ती कुणावरच नाही.

युरोपीय आयोगाला मात्र व्यापारातली ही नजाकत कळली नाही. एप्रिल 2025 मध्ये त्याने 20 कोटी युरोंचा दंड ठोठावला. एवढी रक्कम म्हणजे, त्या जुन्या दराने, सुमारे दोन कोटी माणसांचा महिनाभराचा खासगीपणा. कंपनीने घाऊक सवलत मागायला हवी होती.

आपल्याकडे फेसबुकच्या सेटिंग्जमध्ये मद्याच्या जाहिराती कमी दाखवा, असे फुकटात सांगता येते. मला कमी पाहा, हे बटण तेवढे बसवायचे राहिले आहे.