दिनविशेषकाका

लिफ्ट बंद पडली तर फोन कुणाला करायचा, हे आमच्या सोसायटीत कुणालाच नक्की ठाऊक नाही. आज कोण जन्मलं आणि कोण गेलं, हे मात्र सकाळी सहालाच घरोघरी कळलेलं असतं. दिनविशेषकाका पाचला उठतात आणि गेटजवळचा फळा भरून काढतात. डावीकडे जन्म, उजवीकडे मृत्यू, मध्ये घटना. जागा कमी पडली तर सेक्रेटरींनी लिहिलेली पाण्याची सूचना पुसतात. अंगाला साबण लावलेल्या अवस्थेत नळ कोरडा पडला, की लोक आधी काकांना आठवतात, मग महापालिकेला.

काकांची ताकद त्यांच्या वहीत आहे. ३६६ पानं, एका तारखेला एक पान, साल कुठलंही असो. २९ फेब्रुवारीच्या पानावर मोरारजी देसाई आणि रुक्मिणीदेवी अरुंडेल शेजारी शेजारी आहेत. चार वर्षांतून एकदा त्या पानाला हवा लागते, म्हणून काका त्या दिवशी खडूही नवा काढतात.

त्यांचा सगळ्यात आवडता दिवस १ ऑगस्ट. १९२० साली त्या एका दिवसात लोकमान्य टिळक गेले, वाळवे तालुक्यात वाटेगावला अण्णा भाऊ साठे जन्मले, आणि गांधीजींचं असहकार आंदोलन सुरू झालं. जन्म, मृत्यू, घटना. तिन्ही खाने एकाच साली भरलेले! काका हे सांगताना असे खुलतात, की जुळवाजुळव त्यांनीच केली असावी. पहाटे हे सगळं ग्रुपवरही पडतं आणि दहा मिनिटांत जोडलेल्या हातांची रांग लागते. ते हात टिळक गेले म्हणून की अण्णा भाऊ जन्मले म्हणून, हे जोडणाऱ्यालाही ठाऊक नसतं. तिसऱ्या मजल्यावरच्या एका उत्साही गृहस्थांनी तर ‘दोघांनाही वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ असं लिहिलं. काका जिना चढून त्यांच्या दारात गेले. “अहो, लोकमान्य सरदारगृहात मध्यरात्र उलटल्यावर गेले, म्हणून १ ऑगस्ट. थोडे आधी जाते, तर ३१ जुलैच्या पानावर रफीसाहेबांशेजारी बसावं लागलं असतं त्यांना!” गृहस्थ टॉवेलवर उभे होते. त्यांनी पुन्हा हात जोडले, या वेळी खरेखुरे.

मी एकदा त्यांना विचारलं, “काका, ‘फकिरा’ वाचलीत?”

“१९५९,” काका म्हणाले.

माणसाने काय केलं, हा प्रश्न काकांच्या लेखी दुय्यम. केव्हा केलं ते बोला. पु. ल. देशपांडे म्हटलं, की आपल्याला हसू येतं. काकांना १२ जून येतो. १९४६ साली १२ जूनला पुलंचं लग्न आणि २००० साली १२ जूनलाच निधन. शिवाय १९७५ साली त्याच तारखेला इंदिरा गांधींच्या निवडणुकीविरुद्धचा अलाहाबादचा निकाल. “एवढ्या गर्दीच्या दिवशी तुम्ही गच्चीची दुरुस्ती काढता?” असं म्हणून त्यांनी कंत्राटदाराला परत पाठवल्याचं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. गच्ची अजून गळते.

सोसायटीतली मुलं त्यांना वाढदिवसाला बोलवायला कचरतात. २४ एप्रिलच्या पोराला सगळे सांगतात, अरे वा, सचिनचा वाढदिवस! तो बॅट फिरवत असतो, तेवढ्यात काका गाल कुरवाळून सांगतात, “मास्टर दीनानाथ गेले तो दिवस. १९४२.” ३० जानेवारीच्या मुलीचं तर विचारूच नका. सकाळी अकराला दोन मिनिटं उभी राहिल्याशिवाय संध्याकाळी केकला हात लावायची तिची टाप नाही. उलट कुणाच्या घरी दुःखद प्रसंग घडला, तर काका पाठीवर हात ठेवून हळूच म्हणतात, “तारीख फार चांगली मिळाली हो आजोबांना.” आणि खरं सांगतो, त्या घरच्यांना बरंही वाटतं.

तिथीवाल्यांशी मात्र त्यांचं हाडवैर. शिवजयंती आली, की फळ्याचे दोन तुकडे पडतात. एका कोपऱ्यात काकांची १९ फेब्रुवारी १६३०, दुसऱ्यात दुसऱ्या विंगमधल्या आजींची फाल्गुन वद्य तृतीया. दिवस मुळात एकच, शके १५५१ मधला, पण आजींचा दरवर्षी सरकतो आणि काकांचा जागचा हलत नाही. पूर्वी वैशाख शुद्ध द्वितीया आणि १६२७ साल धरणारेही होते. त्यांचं नाव काढलं, की काका चहा अर्धा टाकतात. “पुरावा लागतो, पुरावा! आई सांगते, आजी सांगते, याला इतिहास म्हणत नाहीत.”

आता मौज अशी, की काकांचा स्वतःचा वाढदिवस १ जून. महाराष्ट्रातल्या एका आख्ख्या पिढीचा असतो तसाच. बापाने पोराचं बखोट धरून शाळेत आणलं, जन्मतारीख कुणाला माहीत नव्हती, गुरुजींनी लिहून टाकली १ जून. मग दरवर्षी ३१ मे रोजी सरकारी कचेऱ्यांमधून हारतुरे घेऊन माणसं घाऊक निवृत्त होतात. काकाही त्यातलेच.

काकांचं गाव नगर जिल्ह्यातलं. आईला एवढंच आठवायचं: पानशेत फुटलं त्या साली, पोळ्याच्या आदल्या रात्री. निवृत्तीनंतर काकांनी जुनं पंचांग मिळवलं, श्रावणातली अमावास्या काढली, एक दिवस मागे मोजला. खरी तारीख हातात आली! ती कुठली, हे त्यांनी कुणालाच सांगितलेलं नाही. एवढंच कळलं, की वहीतलं ते पान उघडलं, तर कुठलीशी लढाई आणि कुठलासा तह, बस. बाकी पान कोरं.

“मग कागदपत्रं दुरुस्त करणार का?” मी विचारलं.

“वेड लागलंय का तुला?” काका उसळले. “१ जून १९३०, डेक्कन क्वीन पहिल्यांदा धावली. १ जून १९४८, एसटीची पहिली गाडी, तीही आमच्या नगरहून पुण्याला. नर्गिस १ जून. ती मेरिलिन मन्रो १ जून. पुणे स्टेशनवर दरवर्षी राणीसाठी केक कापतात, मी तिकडेच जातो, खर्च शून्य. एवढी मंडळी सोडून त्या तहाशेजारी जाऊन बसू?”

“पण पुरावा, काका?”

“शाळेचा दाखला आहे,” काका म्हणाले आणि फळा पुसायला वळले.