काका एक्सपी टाकतात

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत कुणी नवा लॅपटॉप घेतला की पेढ्यांच्या आधी काका येऊन पोचतात. वीज मंडळातून निवृत्त झालेले हे गृहस्थ नक्की कुणाचे काका, हे आता कुणालाच सांगता येत नाही. काखेत सीड्यांची चेनवाली पिशवी. खिशात स्क्रू-ड्रायव्हर, त्याचं काम कधी पडत नाही, पण असतो. लॅपटॉपवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नसतं आणि काका मुलगी बघायला आल्यासारखे समोर बसून विचारतात, "ह्यात काय टाकून दिलंय?"

उत्तर काहीही असो, पुढचं वाक्य ठरलेलं. "काढून टाकू."

काकांना जुन्याची ओढ आहे, असं लोक समजतात. तसं मुळीच नाही. 2001 मध्ये विंडोज एक्सपी आलं तेव्हा हेच काका "हे काय, बालवाडीचं चित्रकलेचं पुस्तक?" म्हणत अठ्ठ्याण्णववर अडून बसले होते. 2007 च्या जानेवारीत व्हिस्टा बाजारात आलं आणि एका रात्रीत एक्सपीचं सोनं झालं. सेव्हनला त्यांनी 'रंगसफेदी केलेलं व्हिस्टा' म्हटलं. मग 2012 मध्ये एट आलं, स्टार्टचं बटण गायब झालं, आणि सेव्हनसारखं पुन्हा होणे नाही, असं काका सांगत सुटले. सिस्टिम थोर होती हे त्यांना पटायला तिच्या जागी दुसरी यावी लागते.

त्यांचा खरा सुवर्णकाळ मात्र व्हिस्टाचा. एक जीबी रॅमच्या लॅपटॉपवर ते बसवून मिळे आणि बिचारा लॅपटॉप सुरू होतानाच धापा टाकी. त्यात काहीही करायला गेलं की पडदा काळवंडून परवानगी मागायचा. "माझ्या घरात मी कुणाची परवानगी घेत नाही," काका गरजले. आतून काकू म्हणाल्या, "घेत जा."

व्हिस्टा बिझनेस आणि अल्टिमेट घेणाऱ्यांना एक्सपी प्रोफेशनलवर परत जायची मुभा कंपनीनेच दिली होती. काकांच्या कानावर ही बातमी 'बिझनेस आणि अल्टिमेट' एवढे शब्द गाळून आली. त्यांनी सरसकट सगळ्यांना फॉरमॅट मारला.

तो सोहळा बघण्यासारखा असे. सीडी घातली, निळा पडदा आला, नि थोड्या वेळाने मजकूर उमटला की हार्डडिस्क सापडत नाही. घरमालकीणबाई पांढऱ्याफटक. "अहो, दुकानदाराने घातलीच नाही की काय?" काका शांत. डिस्क आजची, एक्सपी 2001 चं, ते तिला ओळखणार कसं? वेगळा ड्रायव्हर द्यायचा तर एफ सिक्स दाबून फ्लॉपी घाला म्हणे. लॅपटॉपला फ्लॉपीची खाचच नाही. मग काका बायोसमध्ये शिरत आणि एएचसीआयचं आयडीई करत. म्हणजे नव्या डिस्कला जुनी असल्याचं सोंग घ्यायला लावत. पुढे पडद्यावर 39 मिनिटं बाकी असल्याचं दिसे, ती 39 मिनिटं पोहे, चहा आणि पुन्हा चहा होईपर्यंत चालत. तेवढ्यात ते एक्सपीच्या पडद्यावरच्या हिरव्या टेकडीची महती सांगत: फोटो खरा आहे, 1996 साली चार्ल्स ओरिअरने कॅलिफोर्नियात काढलेला. काकूंना त्यांनी अजून माथेरान दाखवलेलं नाही.

शेवटी टेकडी येई. पण आवाज नाही, वायफाय नाही, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या प्रश्नचिन्हांची रांग. वायफायचा ड्रायव्हर इंटरनेटवर, आणि इंटरनेट वायफायवर. काका पेनड्राइव्ह घेऊन घरी पळत. दुसऱ्या दिवशी बाकी सगळं सुरू होई, कॅमेरा सोडून. "कॅमेरा कशाला? लॅपटॉप आहे की फोटो स्टुडिओ?" मूळ सिस्टिम परत आणता येईल असा जो एक लपवलेला कप्पा कंपनीने डिस्कवर ठेवलेला असे, तो काकांनी 'कचरा' म्हणून आधीच उडवलेला असे.

एटच्या काळात काम अवघड झालं. सिक्युअर बूट बंद करा, मग सेव्हनला यूएसबी थ्री कळत नाही म्हणून ऐन सेटअपमध्ये माउस मरायचा. काका डगमगले नाहीत. 2013 च्या ऑक्टोबरात एट पॉइंट वनमध्ये बटण परत आलं, तेव्हा आपल्या दबावामुळेच आलं, असं त्यांनी गच्चीवर जाहीर केलं.

परवा तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीने इलेव्हनवाला लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला. तिला जुने गेम खेळायचे होते. "काका, एक्सपी टाकून द्या ना." आता काकांच्या डोळ्यांत पाणी येणार, असं आम्हाला वाटलं.

काका दचकलेच. "एक्सपी? 8 एप्रिल 2014 ला सपोर्ट बंद झालाय त्याचा! व्हायरस येतील. इतकं मागासलेलं राहून कसं चालेल, बाळा? थांब, टेन टाकतो."

"टेनचाही बंद झाला, काका. 14 ऑक्टोबर 2025 ला."

"ते कंपनी म्हणते. मी कुठे म्हणतोय?"