कुंडलिकेची मौज, मुळेचे पाणी

कोलाडला राफ्टिंग करायचे तर सकाळी लवकर पोचावे लागते. हेल्मेट, लाइफजॅकेट चढवून मंडळी काठावर ताटकळतात, कारण भर मे महिन्यात कुंडलिका नदीला पाणी येते ते वरच्या वीजगृहांतून सुटेल तेव्हाच. पाणी आले की राफ्ट निघतात, ओसरले की त्या दिवसाचा धंदा आटोपला.

हे पाणी मुळात कुंडलिकेचे नाही. मुळशीला मुळा-निळा नद्या अडवून ते सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजगृहात उतरवले जाते, १९२७ पासून. भीमेतून पूर्वेला जायचे ते पश्चिमेला अरबी समुद्राला मिळते. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ साली मावळ्यांनी या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला तो जमिनीसाठी. माशांची बाजू मांडायला तेव्हा कोणी नव्हते आणि शंभर वर्षांनंतरही फारसे कोणी नाही.

सह्याद्रीच्या नद्यांतला खडस, म्हणजे महसीर, पावसाचा लोंढा आला की वर चढतो आणि गोट्यांवरून वाहणाऱ्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. धरणाची भिंत ती वाट बंद करते. ज्या नदीत अवजल, म्हणजे वीजगृहातून बाहेर पडलेले पाणी, सोडतात, तिथे दुखणे वेगळे. विजेची मागणी वाढली की यंत्रे सुरू होतात आणि पात्र फुगते. यंत्रे थांबली की तासाभरात काठ उघडा पडतो. उथळ पाण्यातली अंडी सुकतात, बोटभर पिल्ले गोट्यांमधल्या डबक्यांत अडकतात आणि बगळ्यांचे फावते. मोठा मासा खोल डोहात तगून राहतो, पण पुढची पिढी तिथेच संपते.

लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीने महसीरची पैदास करून लाखो पिल्ले ठिकठिकाणी दिली. काम मोलाचे आहे, मला त्याचा आदर आहे. पण टाकीत वाढलेल्या पिल्लाला सोडायचे कुठे? त्याला वाहती नदी लागतेच.

म्हणून राफ्टिंगची गर्दी दाखवून ‘पाणी वळवल्याने फायदाच झाला’ म्हणणे मला मान्य नाही. हिशेब दोन्ही नद्यांचा हवा. एका ऋतूत जाळे टाकून माशांची यादी केली, हा अभ्यास नव्हे. मासे वर चढतात त्या दिवसांत पाहणी हवी, तासातासाची पाणीपातळी हवी, नदीत रोज उतरणाऱ्या भोई-कातकऱ्यांना विचारायला हवे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये सगळ्या राज्यांना नद्यांत उन्हाळी प्रवाहाच्या किमान १५ ते २० टक्के पाणी ठेवायला सांगितले. केंद्राने २०१८ मध्ये गंगेच्या वरच्या खोऱ्यासाठी ऋतूनुसार २० ते ३० टक्के ठरवले, पण ती अधिसूचना गंगेपुरतीच आहे.

आता सह्याद्रीत उदंचन प्रकल्पांची, म्हणजे पाणी वर चढवून पुन्हा खाली सोडत वीज करणाऱ्या प्रकल्पांची, रांग लागली आहे. तुमच्या तालुक्यात जनसुनावणी लागली तर जरूर जा. मेगावॅटचे आकडे प्रकल्पवाले आपणहून सांगतील. पात्रात कोणत्या महिन्यात, कोणत्या तासाला किती पाणी राहील, हे तुम्ही लेखी मागा.