शंका उद्भवल्यास इंग्रजी पाठ प्रमाण

मे महिन्याच्या पहिल्या रविवारच्या सुमारास, जेव्हा रत्नागिरीच्या बागांतून हापूसच्या पेट्या वाशीच्या बाजाराकडे रवाना होत असतात आणि चार माणसांच्या घराला पाचव्याचे हात उसने आणावे लागतात, नेमक्या त्याच मुहूर्तावर वैद्यकीय प्रवेशाची अखिल भारतीय परीक्षा घेण्याची जी तजवीज दिल्लीच्या दप्तराने केली आहे, तिच्यामागे कोकणाविषयी आकस आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल; आकस धरायचा तर आधी ओळख लागते. परीक्षेचे नाव ‘नीट’. या नावावर कोटी करण्याचा मोह मी आवरतो, कारण ती येथील प्रत्येक पालकाने निकालाच्या दिवशी करून झालेली आहे.

आमचे शेजारी, जे मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, ते या परीक्षेचे निःसीम भक्त आहेत. “अहो, प्रश्नपत्रिका एक, वेळ एक, तपासणारे यंत्र एक! यंत्राला जात नाही, गाव नाही आणि मेहुणाही नाही,” असे ते म्हणतात, आणि मेहुण्यांचा त्यांचा अनुभव दांडगा असल्यामुळे मी वाद घालत नाही. शिवाय समतेचा प्रत्यक्ष पुरावा परीक्षाकेंद्राच्या दारातच मिळतो: कोट्याहून शिकून आलेला काय किंवा कोतवड्याहून आलेला काय, दोघांनाही अर्ध्या बाहीचा सदरा आणि पायांत चपलाच घालाव्या लागतात. बाह्या सारख्या कापल्या, म्हणजे उरला तो केवळ बुद्धीचा फरक.

वास्तविक बुद्धीच्या बाबतीत आमच्या प्रांताने तक्रार करावी असे काही नाही. 2012 साली कोकणाचे स्वतंत्र विभागीय मंडळ रत्नागिरीत सुरू झाले, तेव्हापासून दहावी-बारावीच्या निकालात राज्यात पहिला क्रमांक सोडणे त्याला जमलेले नाही. 2024 च्या दहावीत तर शंभरांतले नव्व्याण्णव उत्तीर्ण झाले. ही सनद घेऊन आमचा विद्यार्थी दिल्लीच्या देवडीवर जातो, तेव्हा दरवान ती अदबीने पाहतो आणि सांगतो की बारावीचे गुण उंबरठा ओलांडण्यापुरते चालतील, आत त्यांचे चलन नाही. आत 180 मिनिटांत 180 प्रश्न सोडवायचे असतात आणि चुकीच्या प्रत्येक उत्तरास एक गुण दंड भरावा लागतो. ही विद्या शाळेत मिळत नाही, ती लातुरास व कोट्यास रोखीने मिळते. म्हणून नाव गावच्या महाविद्यालयाच्या हजेरीपटावर आणि देह शेकडो मैलांवरच्या क्लासात, अशी अवस्था साधावी लागते. योगशास्त्रात हिला सिद्धी म्हणत असावेत. शिक्षणखात्यात ‘टाय-अप’ म्हणतात.

भाषेची अडचण मात्र सरकारने उदारपणे दूर केलेली आहे. 2017 पासून ही परीक्षा मराठीतूनही देता येते. दहावीपर्यंत ‘तंतुकणिका’ म्हणून परिचित असलेली पेशीतील वस्तू अकरावीत ‘मायटोकॉन्ड्रिया’ होऊन भेटते, जशी एखादी बालमैत्रीण सासरचे नाव घेऊन माहेरी यावी, आणि दोन वर्षे त्या नव्या नावाची सवय झाल्यावर परीक्षेच्या दिवशी तिला पुन्हा जुन्या नावाने हाक मारण्याची मुभा मिळते. या औदार्याला एक बारीकशी अट जोडलेली आहे, ती अशी, की भाषांतरात संदिग्धता आढळल्यास इंग्रजी पाठ अंतिम मानला जाईल. म्हणजे मराठीत विचार करण्यास हरकत नाही. बरोबर मात्र इंग्रजीत यावे.

पण समदर्शित्वाचा कळस गाठला गेला तो 2024 साली. भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नात अणूच्या स्थैर्याविषयी विधान होते. एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकात प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर होते, नव्यात बहुतेकांचेच. परीक्षा घेणाऱ्या संस्थेने दोन्ही उत्तरांना गुण दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, न्यायालयाने दिल्लीच्या आयआयटीतील तज्ज्ञांना विचारले, तज्ज्ञांनी एकच उत्तर ग्राह्य ठरवले, आणि चार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे गुण एका दिवसात उतरले. शास्त्र नव्या पुस्तकाच्याच बाजूचे होते, हे मी कबूल करतो. किरणोत्सारी मूलद्रव्यांनी कोणाच्या सोयीसाठी स्थिर राहावे, अशी अपेक्षा करता येत नाही. तथापि जुने पुस्तक कोणाच्या घरी असते? ज्या घरी ते थोरल्या भावाकडून धाकट्या बहिणीकडे, तिथून चुलतभावाकडे, पुठ्ठा निखळेपर्यंत फिरते, त्या घरी. अणूंचे स्थैर्य गेले, ते त्या पुस्तकाच्या मालकांना कळवण्याचे मात्र राहून गेले.

आमचा जिल्हा परीक्षकांच्या निःपक्षपाताशी अगदीच अपरिचित नाही. मुरूडचे धोंडो केशव कर्वे ऐन तारुण्यात एका सरकारी परीक्षेसाठी पावसापाण्यात सह्याद्री चढून शंभराहून अधिक मैल चालत साताऱ्यास गेले, तेव्हा तेथील अंमलदाराने वयाच्या दाखल्यापेक्षा चेहऱ्यावर अधिक विश्वास ठेवला आणि हा मुलगा फार लहान दिसतो म्हणून त्यांना परत धाडले. आजचे यंत्र चेहऱ्याकडे पाहतच नाही. तेवढ्याच कटाक्षाने ते पायांकडेही पाहत नाही.

हे ऐकून शेजाऱ्यांनी हुकमाचे पान टाकले. “आणि मुर्डीचे रघुनाथराव परांजपे? 1899 साली केंब्रिजला सीनियर रँग्लर! ते कुठल्या क्लासला गेले होते?” मी म्हटले, नव्हते गेले, त्यांना मुंबईस शिक्षणासाठी नेऊन आपल्या घरी ठेवणारे कर्वे होते, तेच ते साताऱ्याहून परतलेले. शेजारी क्षणभर थांबले आणि यंदा पेटीला काय भाव मिळाला, याची चौकशी करू लागले.

मीही आता इतराजी न होईल अशा बेताने एक अर्ज लिहावयास घेतला आहे. त्यात मागणी एवढीच, की पुढील वर्षी भौतिकशास्त्रात एक प्रश्न आमच्याकडचा असावा: वाडीवर मुक्कामास आलेली वस्तीची एस.टी. पहाटे सुरूच झाली नाही, घाटी उतरून हमरस्ता गाठायला पाऊण तास लागतो, आणि केंद्राचे फाटक ठरल्या मिनिटास बंद होते. तर उमेदवाराचे त्वरण किती? पर्याय चार द्यावेत, चुकीच्या उत्तरास एक गुण कापावा. कोटा, दिल्ली आणि हैदराबाद येथील उमेदवारांच्या सोयीसाठी त्याचा तर्जुमा हिंदी व इंग्रजीत अवश्य छापावा, आणि तळाशी बारीक टाईपात नोंद असावी, की शंका उद्भवल्यास संगमेश्वरी पाठ प्रमाण.